अंदाजे एकशे तीस, ऐंशी

माझ्या साडभाऊंइतका मोजमापाचा वैरी अख्ख्या वऱ्हाडात शोधून सापडणार नाही. मी अमरावतीत राहतो, ते अकोल्यात. आमच्या बायका सख्ख्या बहिणी, आमच्यातलं साम्य तिथेच संपतं. अकोटच्या जिनिंगमध्ये त्यांनी तीस वर्षं रुई पारखली. चिमूटभर रुई दोन्ही हातांच्या बोटांत धरून ओढायची, तुटलेली टोकं बघायची आणि धाग्याची लांबी सांगून टाकायची. मशीनचा आकडा मागून यायचा आणि बहुधा तोच निघायचा. या एका यशानं माणूस कायमचा बिघडला. भिंतीवर घड्याळ असताना ते अंगणातलं ऊन बघून निघतात आणि बस चुकली की म्हणतात, "आज बसच लवकर गेली." लेकीच्या लग्नात त्यांनी अंदाजे चारशे पानं धरली होती. सहाशे बारा उठली, मी स्वतः मोजली. तर मलाच म्हणाले, "मंग कोनी उपाशी गेलं का, भाऊ?"

सात वर्षांपूर्वी त्यांना रक्तदाब निघाला. मी मशीन घेऊन दिलं, माझ्याकडे नोंदीची वही केली आणि दर रविवारी सकाळी नऊला फोन सुरू केला. "किती?" "एकशे तीस, ऐंशी." कधी एकशे अठ्ठावीस, कधी एकशे बत्तीस. वही इतकी देखणी झाली, की अकोल्याच्या डॉक्टरांनी गोळ्या वाढवत चारवर नेल्या तेव्हा मला संशय आला तो डॉक्टरांचा.

गेल्या वर्षी साडभाऊंच्या बोटांतली ताकद गेली. निवृत्त झाले तरी हंगामात जिनिंगवाले त्यांना पारखीला बोलावतात. तिथे सगळ्यांसमोर चिमूट हातातून सुटली. त्या दिवशी ते जेवले नाहीत. तपासणीत पोटॅशियम फार कमी आणि रक्तदाब वाढवणारं एक हार्मोन फार जास्त निघालं. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन अधिवृक्क ग्रंथी असतात. सीटी स्कॅनमध्ये दोन्हींवर गाठ दिसली.

"हार्मोन कोणती गाठ करतेय, ते यावरून कळत नाही," नागपूरचे डॉक्टर म्हणाले. "पेट स्कॅन करू. शिरेतून औषध देतो, काम करणारी गाठ त्यात उजळते. एकच उजळली तर काढून टाकू. दोन्ही उजळल्या तर ऑपरेशन नाही, जन्मभर गोळ्या." मग त्यांनी जुन्या नोंदी मागितल्या. मी अभिमानानं वही पुढे केली. त्यांनी पानं चाळली. "हे इतकं छान असताना आज एकशे नव्वद कसं?"

मी साडभाऊंकडे पाहिलं. ते पंख्याकडे बघत होते.

"मशीन लावलं होतं ना?"

"मशीन खोक्यातच हाये, भाऊ. तुमी इतक्या आशेनं इचारता. जास्त सांगतलं तर दिवसभर तुमाले घोर. म्हनून अंदाजानं सांगत गेलो."

सहा वर्षं! मी त्या आकड्यांची सरासरीसुद्धा काढली होती.

स्कॅन झाल्यावर सूचना मिळाली, की अंगात थोडी किरणं असतील, काही तास लहान मुलांपासून आणि गर्भवतींपासून लांब राहा. संध्याकाळी परतीच्या गाडीत साडभाऊंनी जाहीर केलं, "सरका भाऊ, मी किरनं सोडून राहिलो," आणि बडनेऱ्यापर्यंत तीन माणसांच्या जागेवर आडवे झाले. ते औषध दर अडुसष्ट मिनिटांनी निम्मं होतं. पाच तासांनी शंभरात पाच भागही उरत नाहीत. मी हे डब्याला समजावून सांगितलं. कोणी ऐकलं नाही, कारण मी स्वतःच समोरच्या बाकावर सरकून बसलो होतो.

दोन दिवसांनी रिपोर्ट आला. डावी गाठ दिव्यासारखी उजळली होती, उजवी काळीच. साडभाऊ म्हणाले, "मले वाटतच होतं, डावी." दोनातली एक बरोबर यायला पारख लागत नाही. पण रिपोर्ट त्यांनी उलटा धरला होता, मी तो सरळ करून दिला.

ऑपरेशन झालं. आता एक गोळी आहे, आणि या हंगामात चिमूट सुटली नाही. रविवारी ते खरोखर मशीन लावतात, पण आधी अंदाज सांगतात आणि तोही लिहायला लावतात. नव्या वहीत दोन रकाने आहेत. फरक दोन-तीनचा असतो, याचा मला फार राग येतो.

जुनी वही रद्दीत घालायला काढली होती. टाकण्याआधी एकदा नोंदी मोजून पाहिल्या. त्यातला एकही आकडा खरा नाही. पण सहा वर्षांत एकही रविवार कोरा नाही. पहिल्याच घंटीला साडभाऊ फोन उचलायचे. वही परत कपाटात ठेवली.