फोटोत नसलेले पाय

मास्तरीण होण्यासाठी नॉर्मल स्कूलात शिकणाऱ्या आम्ही मुली शनिवार-रविवार सालेकशाच्या जंगलात तंबू ठोकून राहिलो होतो. होणाऱ्या नवऱ्यासाठी मी मोजे विणत होते, त्याची एक सुई गवतात हरवली. आमच्या राखणीला आलेल्या जंगलखात्याच्या म्हाताऱ्या नाकेदारानं बांबू तासून नवी करून दिली. गुळगुळीत झाली का, हे तो सारखा स्वतःच्या गालावर घासून बघायचा.

“त्याचे पाय पायले का तुनं?” त्यानं विचारलं.

“नाही. फोटो छातीपर्यंतचाच आलाय.”

तो मिशीतल्या मिशीत हसला. “मंग एकच विन, बाई. दुसरा लगन झाल्यावर पाय पाहून विनजो.”

मी चिडून दोन्ही विणले.

लग्नानंतर ते यांच्या टाचेपाशीच अडले. पुढं आमच्या थोरलीला मात्र अगदी बेतानं बसले.