वहिनीचा वजनकाटा

माझी वहिनी कॅमेऱ्याची पिशवी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर भरते. पीठ मोजायचा काटा तो! त्यावर दोन कॅमेरे, एकाला मधली लेन्स, दुसऱ्याला छोटी, चार बॅटऱ्या आणि पावसासाठी प्लास्टिकचा कागद. पाच किलोच्या पुढे काटा नुसत्या रेघा दाखवतो. रेघा दिसल्या की ती काहीतरी बाहेर काढते. एकदा तर तिने लेन्स पुसायचं फडकं कापून निम्मं केलं. मी विचारलं, "पाचच का गं? साडेपाच का नाही?"

"काटा पाचपर्यंतच दाखवतो," म्हणाली.

अशा बाईच्या हाताखाली मी तीन वर्षं काढली आहेत.

खरं तर शर्यतीच्या गाड्यांचे फोटो हे दादाचं काम. मी अकरा वर्षं त्याच्या पिशव्या वाहिल्या, धूळ खाल्ली, रबराच्या वासाने डोकं धरून घरी आले. वहिनी तेव्हा खालच्या दुकानात ओळखपत्रांचे फोटो काढायची. हनुवटी खाली, हलू नका, झालं. दादाचा पाय गेल्यावर तिने कॅमेरा उचलला, तोही मला न विचारता. तिचा पहिला फोटो मी जपून ठेवला आहे. शर्यतीतली सगळ्यात वेगवान गाडी, आणि चाकावरचं अक्षर न् अक्षर वाचता येतंय. म्हटलं, "वहिनी, ही गाडी दुकानासमोर लावली होती का?" त्यानंतर ती सहा महिने रोज सकाळी गॅलरीत उभी राहून रस्त्यावरच्या स्कूटरींबरोबर कॅमेरा फिरवत राहिली. शेजारणी हसायच्या, मीही हसायचे. आता तिच्या फोटोत चाकं फिरतात, मागचं कुंपण रेघारेघांचं होतं आणि चालकाचे डोळे मात्र लख्ख. मासिकं तिलाच फोन करतात. मला ते सहन होत नाही, उगाच गोड कशाला बोलू?

यंदा ट्रॅकवाल्यांनी आमच्या दुकानाला एकच जॅकेट दिलं. ते नारिंगी जॅकेट अंगात असेल तरच कुंपणाच्या आत उभं राहता येतं. मी हट्टाला पेटले. अकरा वर्षं हमाली केली, एकदा तरी आत उभी राहू दे! शेवटी वहिनी म्हणाली, "सकाळचा सराव मी करते. दुपारची शर्यत तू कर. पण पिशवी माझ्या हिशोबाने भरायची, आणि आत गेल्यावर उघडायची नाही."

मी मान डोलावली, आणि ती आंघोळीला गेल्यावर दादाची लांब लेन्स पिशवीच्या तळाशी, प्लास्टिकच्या कागदाखाली सरकवली. तीन किलोचं ते धूड कपाटात नुसतं पडून होतं. पलीकडच्या वळणावर चालकाचं बोटसुद्धा टिपणारी लेन्स, आणि ही बाई तिला हात लावू देत नव्हती.

सराव संपला. सकाळी तिने गळ्यात फक्त एक कॅमेरा नेला होता, पिशवी माझ्याकडेच होती. फाटकापाशी ती जॅकेट काढत होती, एक हात बाहेर आला होता. "दे, तोवर धरते," म्हणत तिने पिशवीचा पट्टा घेतला आणि थांबली. पिशवी उघडलीसुद्धा नाही. काढलेला हात पुन्हा जॅकेटात घातला.

"लागली तर असावी म्हणून घेतली!" मी ओरडले. "तुला काय कळतंय? काल-परवापर्यंत हनुवटी खाली करत होतीस!"

फाटकावरचा माणूस आमच्याकडे बघत होता. तिचा आवाज चढला नाही, याचाच मला जास्त राग आला.

"त्या दिवशीही 'लागली तर' म्हणूनच सहा लेन्स भरल्या होत्यास ना?"



दादाचा पाय गेला त्या दिवशी एका गाडीचं चाक निखळून कुंपणावरून आलं. शेजारचे तिघे पळाले. दादाला ते दिसलंच नाही. तो ट्रॅककडे पाठ करून, गुडघ्यावर बसून पिशवीत लेन्स शोधत होता. ट्रॅककडे पाठ करायची नाही, हा तिथला पहिला नियम आणि तो त्यानेच मला शिकवलेला.

"पिशवी स्वतःच भरली होती, असं तो सगळ्यांना सांगतो," वहिनी म्हणाली. "दवाखान्यातून आल्यावर मी ती उपसली. त्याला हवी असलेली छोटी लेन्स सगळ्यात खाली होती. त्या काट्यावर तीन वेळा करून सगळं मोजलं. साडेबारा किलो भरलं."

तिने दोन्ही कॅमेरे गळ्यात घातले, बॅटऱ्या खिशात टाकल्या आणि पिशवी माझ्या पायाशी ठेवून आत गेली. शर्यत मी बाहेरून ऐकली.

घरी आले तेव्हा दादा टेबलाशी बसून वहिनीने पाठवलेले सकाळचे फोटो निवडत होता, काठी खुर्चीला टेकवलेली. मी लांब लेन्स कपाटात ठेवायला नेली, पण ठेववेना.

"आत नाही गेलीस?" त्याने विचारलं.

"पिशवी जड झाली." आणि मग एका दमात बोलून टाकलं, "दादा, त्या दिवशीची पिशवी मी भरली होती."

त्याने मान वर केली नाही.

"माहीत आहे गं," तो म्हणाला. "कमी भर म्हणून मी तुला दोनदा सांगितलं होतं."