शाब्बास म्हणणारी बाई

गुंडीच्या आईला खेळण्यांच्या दुकानात बरोबर न्यायचं नाही, असं तिच्या ओळखीतल्या सगळ्यांनी केव्हाच ठरवून टाकलं होतं. कुणाच्या वाढदिवसाची भेट घ्यायला म्हणून न्यावं, तर ही दुकानदाराशीच हुज्जत घालायची. खोका उलटा करून मागचा मजकूर मोठ्यांदा वाचायची. "बुद्धीचा सर्वांगीण विकास. अहो, बुद्धी म्हणजे काय फुगा आहे, हवा भरली की फुगला?" दुकानदार बिचारा कसनुसं हसायचा. बरोबर आलेली मैत्रीण पलीकडच्या कपाटाशी जाऊन ओळखदेख नसल्यासारखी उभी राहायची.

मतं तिची पक्की होती आणि न मागताही मिळायची. ज्या कोड्यात त्रिकोण फक्त त्रिकोणाच्याच भोकात बसतो, ते तिच्या लेखी खेळणं नव्हतंच. "त्यात चुकायची सोय कुठंय? ते कुलूप झालं." बोलक्या बाहुल्या तर तिला डोळ्यांसमोर नकोत. खेळणं बोलायला लागलं की मूल गप्प बसतं, हे तिचं ठरलेलं वाक्य. मुलांना द्यावं काय, तर रिकामी खोकी, दोरीचं भेंडोळं, साधे लाकडी ठोकळे, बंद पडलेलं घड्याळ. सगळ्यात जास्त राग होता तो टॅबवरच्या शिकवण्यांचा. मूल काहीही दाबो, आतून टाळ्या वाजतात, चांदण्या उडतात, आणि कुणीतरी बाई मधाळ आवाजात म्हणते, "शाब्बास, फार छान."

आता गंमत अशी, की ती बाई हीच होती.

त्याचं झालं असं. आधी ती एका बँकेच्या फोनवरचा आवाज होती. 'शिल्लक जाणून घेण्यासाठी एक दाबा, तक्रारीसाठी तीन दाबा.' नवरा तेव्हा थट्टा करायचा, की घरातही असा एखादा आकडा ठेव, म्हणजे मला सोपं जाईल. तो आकडा काही सापडला नाही आणि दोघं वेगळी झाली. लोकांना वाटलं, हिच्या मतांना कंटाळला असेल. तसं नव्हतं. दोघांनाही हार मानायची सवय नव्हती, एवढंच. तेव्हा गुंडी नुकती बोलायला लागली होती. खरं नाव चांगलं लांबलचक होतं, पण डोळे सदऱ्याच्या गुंड्यांसारखे वाटोळे, म्हणून सगळे गुंडीच म्हणायचे. हिच्याकडे भाड्याची एक खोली आणि कामाच्या वेळांचा पत्ता नाही. तिकडे ऐसपैस घर आणि दिवसभर घरात असणारी आजी. गुंडी बाबांकडे राहिली आणि रविवार आईच्या वाट्याला आला.

पुढे बँकेनं यंत्राचा आवाज आणला आणि हिला नारळ दिला. तेव्हा एक कंपनी बालवाडीच्या मुलांसाठी टॅबवरची शिकवणी बनवत होती आणि त्यांना आवाज हवा होता. अडला हरी म्हणतात तसं झालं. पोटाला चिमटा बसला की मतं खिशात घालावी लागतात, तशी तिनं घातली.

तळघरातल्या एका खोलीत हे काम चालायचं. भिंतींना राखाडी स्पंज, मधोमध माईक, आणि काचेपलीकडे ध्वनिमुद्रण करणारा. त्याला सगळे कानसेन म्हणत. कारण पोटातली गुडगुडसुद्धा त्याला काचेपलीकडून ऐकू जायची. तोंड कोरडं पडून शब्दांत चटचट आवाज येऊ नये म्हणून तो तिला आंबट सफरचंदाच्या फोडी खायला लावायचा. वाक्य सलग कधी बोलायचं नाही. 'तीन' वेगळं, 'हत्ती' वेगळं, 'किती मोठा' वेगळं. जोडायचं काम यंत्र करणार. "ताई, हसून बोला," कानसेन म्हणायचा. "हसू ऐकू येतं." मग ती गालांना रग लागेपर्यंत हसत बोलायची. नंतर तो बसून तिचे श्वास कापून टाकायचा, एकूण एक. जे उरायचं ते इतकं गोड आणि गुळगुळीत असायचं, की पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिनंच विचारलं, ही कोण.

"अहो, मूल चुकलं तर चुकलं म्हणा की," ती मालकाला सांगायची. "सगळ्यालाच शाब्बास म्हटलं तर त्या शाब्बासला काय किंमत?"

"चुकलं म्हटलं की मूल टॅब ठेवून देतं," मालक म्हणायचा. "आणि मुलानं ठेवला की आईबाप पैसे भरत नाहीत. तुम्ही हसून बोला."

शिकवणी बाजारात आली आणि थोड्याच दिवसांत गुंडीच्या बाबांचा फोन आला. कामापुरतं बोलणारा माणूस. फोनवर दोनदा घसा खाकरला. "ती शिकवणी गुंडीसाठी घेतली. आवाज तुझाच आहे ना? मी लगेच ओळखला. म्हटलं, तेवढंच. निदान आवाज तरी घरात राहील." मग जरा थांबून म्हणाला, "सांगू का तिला?"

"नको," ही म्हणाली. "आईचा आवाज लेकराला सांगावा लागतो होय?"

यात थोडा तोराही होता, नाही असं नाही. पण फोन ठेवल्यावर तिच्या ध्यानात आलं. ज्या वस्तूला ती उठता-बसता नावं ठेवायची, तिच्यातून ती लेकीच्या घरात शिरली होती.

तेव्हापासून तिच्या संध्याकाळींना एक वळण लागलं. गुंडीला लवकर जेवू घातलं की आजी तिला झोपेपर्यंत टॅब देते, हे तिला ठाऊक होतं. त्या सुमाराला ती कामावरून येऊन दिवा लावायची, चहाचा कप घेऊन खिडकीपाशी बसायची आणि मनाशी म्हणायची, आता मी तिला मोजायला शिकवत असेन. आता पिवळा रंग चालला असेल. शेजारच्या घरातून भांड्यांचा आवाज यायचा, कुणीतरी कुणाला जेवायला हाक मारायचं. हिला हाक मारणारं कुणी नव्हतं आणि हिनं हाक मारावी असंही कुणी नव्हतं. तेवढा वेळ मात्र ती कुणाची तरी आई असायची. मग जेवणवेळ टळून जायची आणि ती सकाळचंच काहीतरी गरम करून उभ्या उभ्या खायची.

फोनवर बोलायचा प्रयत्नही ती करायची. पण गुंडी फोनवर म्हणजे हो, नाही, हं, आणि मग पळणारी पावलं. त्यात हिची सवय वाईट. काय जेवलीस, काय शिकलीस, दात घासलेस का. पोरीला वाटत असेल, परीक्षाच चालू आहे.

रविवारी गुंडी यायची. खोलीच्या फरशीवर ठोकळे पसरायचे. ही शेजारी बसायची आणि आपल्या मतांना जागून उगाच कौतुक करायची नाही. मनोरा पडला की "पडला" म्हणायची. उभा राहिला की "राहिला" म्हणायची. गुंडी कधी खुशीत असायची, कधी गाल फुगवून बसायची. तिचे गाल फुगले की हिच्या मनात यायचं, तिकडची मी सारखी शाब्बास म्हणते आणि इकडची मी पडला म्हणते. पोरीला कुठली आवडत असेल? स्वतःच स्वतःची सवत होण्याची पाळी फार थोड्या बायकांवर येत असेल.

दीडेक वर्ष असं गेलं. शेवटी तिचं तिलाच सहन होईना. पुढच्या इयत्तेचा संच निघणार होता, पण तिनं मालकाला नाही म्हणून सांगितलं. एका रेडिओ केंद्रावर बातम्या वाचायचं काम मिळत होतं. पगार बेताचा, पण तिथं हसायची सक्ती नव्हती.

त्याच आठवड्यात गुंडीला सोडायला आलेले बाबा दारातून लगेच गेले नाहीत. गुंडी आत पळाली आणि ते पायपुसण्यावरच उभे राहून म्हणाले, "माझी बदली झालीय. दोन विमानं बदलून जावं लागतं, इतकं लांब. माझी आईपण येतेय. गुंडीला उन्हाळ्याच्या सुट्टीत आणेन, दर वर्षी. शब्द देतो."

तिनं हुज्जत घातली नाही. घातली असती तर बरं, असं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. "बरं," ती म्हणाली, आणि आत जाऊन ठोकळे काढले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मालकाला फोन लावला. पुढचा संच मी करते म्हणाली. मालक पक्का व्यवहारी. त्याला गरज कुणाची आहे हे लगेच कळलं. या खेपेला शाब्बास आणखी वाढवायचंय, म्हणाला, दर चित्राला. चालेल, म्हणाली. आवाज आणखी गोड हवा. चालेल. रेडिओच्या कामाला तिनं नकार कळवला आणि पुन्हा तळघरातल्या खोलीत सफरचंदाच्या फोडी खात उभी राहिली.

कानसेननं काचेपलीकडून विचारलं, "ताई, तुमची मतं कुठं गेली?"

"फिरायला गेलीत," ती म्हणाली. "तू चालू कर."

एवढी हसून ती आयुष्यात बोलली नव्हती. घसा बसला तर कोमट पाणी प्यायची आणि परत उभी राहायची. एकच गोष्ट तिनं आपणहून मागितली: रोजचा धडा संपला की एक वाक्य असावं, 'झोप आता, उद्या भेटू.' मालकाला ते आवडलं. मूल दुसऱ्या दिवशी परत येईल, म्हणाला. तिच्या मनात वेगळंच होतं. दोन विमानांपलीकडे, नव्या घरात, रोज झोपताना गुंडीच्या कानावर आईचा आवाज पडेल. मग मतं काय, ती परत येतील फिरून.

नवा संच बाजारात आला आणि पाठोपाठ शेवटचा रविवारही आला. गुंडीला त्याचं काही विशेष नव्हतं. आपल्याला विमानात खिडकी मिळणार आहे, हे तिनं आल्या आल्या सांगितलं आणि ठोकळ्यांशी बसली. ही तिच्याकडे पाहत होती. मनोरा कमरेइतका झाला, तेव्हा तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "नवीन धडे आले का गं टॅबवर?"

"आले."

"कोण शिकवतं?"

"बाई."

"कुठली बाई?"

"टॅबमधली," गुंडी म्हणाली. एवढंही माहीत नाही का, असा सूर होता.

गुंडीच्या आईनं गाल वर ओढले, हसू आणलं आणि माईकपुढे म्हणायची तसंच म्हटलं, "शाब्बास, फार छान."

गुंडीनं मान वर केली. "तू तिची नक्कल करतेस?"

"जमली का?"

गुंडीनं खरोखर विचार केला. "नाही," ती म्हणाली. "ती आणखी गोड बोलते."

हिनं हसू गालांवर तसंच धरून ठेवलं, कारण सोडलं असतं तर डोळ्यांतून आलं असतं. दीड वर्ष रोज संध्याकाळी खिडकीशी बसून ती ज्या घरात जात होती, त्या घरात ती कधी गेलीच नव्हती. तिथं दुसरीच कुणी बाई बसली होती, श्वास न घेणारी.

"आवडते का तुला ती?" तिनं विचारलं.

"ती खोटं बोलते." गुंडी एक ठोकळा सरळ करत होती. "मी मुद्दाम चुकीचं दाबते, तरी शाब्बास म्हणते."

दुसऱ्या कुठल्याही दिवशी हे ऐकून तिनं लेकीला उचलून घेतलं असतं आणि गल्लीभर सांगत फिरली असती. आज ती एवढंच म्हणाली, "मग ऐकतेस कशाला?"

"ती एकटीच असते ना आत," गुंडी म्हणाली. "मी नाही दाबलं तर तिच्याशी कोणीच खेळत नाही. म्हणून दाबते."

'मीच गं ती' एवढे शब्द गुंडीच्या आईच्या ओठांवर आले होते. सांगितलं असतं तर पोरीनं टॅब कधीच सोडला नसता. दया करून करून रोज दाबत राहिली असती, आणि आतली बाई रोज शाब्बास म्हणत राहिली असती.

"आता मी मोठी होणार," गुंडी म्हणाली. "तिकडं गेल्यावर तिला बंद करू का?"

"कर."

"पण तिला वाईट वाटेल."

"वाटेल," गुंडीची आई म्हणाली. "तरी कर बंद." आणि मग, जे तिनं नवऱ्याला सांगितलं नव्हतं, मैत्रिणींना सांगितलं नव्हतं आणि रिकाम्या खोलीतसुद्धा कधी मोठ्यानं म्हटलं नव्हतं, ते तिनं त्या एवढ्याशा पोरीला सांगितलं. "तिला बंद केलंस की मला फोन लाव. मीपण एकटीच असते."

गुंडीनं हातातला ठोकळा खाली ठेवला आणि तिच्याकडे नीट पाहिलं.

"मग लावीन," ती म्हणाली. "पण तू प्रश्न विचारू नकोस. मी सांगीन, तू ऐक."