अल वक्र्यात आन्ना आत्याचा वाढदिवस

मिरजेहून निघाले तेव्हा माझी बॅग माझ्या वजनाशी स्पर्धा करत होती. भाची ऋतुजा कतारला, दोह्यात आयटीत आहे, राहते जवळच्या अल वक्र्यात. तिला भडंग, मेतकूट, सांडगे पोचवणं हे माझं कर्तव्य, आणि त्या निमित्ताने परदेश बघणं हा हक्क. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने सांडगे नाकाशी धरले आणि हे काय म्हणून विचारलं. मी सविस्तर सांगितलं, त्याला काही कळलं नाही, आणि त्याने मला सोडलं.

मेट्रो इतकी चकचकीत की चपला बाहेर काढाव्यात की काय असं वाटलं. शेजारी बसलेले राजापूरचे चाचा म्हणाले, अल वक्र्यात मासळी सकाळीच घ्या, दुपारी खलास (संपलं). गाव पूर्वी कोळ्यांचं, आता इमारतींचं. समुद्राकाठी कारक (वेलची घालून आटवलेला दुधाचा चहा) प्यायले. गोड इतका, की आमच्या डॉक्टरांना न सांगितलेलंच बरं.

शनिवारी, अठरा नोव्हेंबरला, समोरच्या फ्लॅटमधल्या इल्झेने आन्ना आत्याच्या वाढदिवसाला बोलावलं. इल्झे लाटव्हियाची, इथल्या शाळेत गाणं शिकवते. तिचा देश रशियाला अगदी चिकटून आहे, हे ऋतुजाने मला फोनवर दाखवलं. वाढदिवसाला आपण हात हलवत थोडेच जाणार? निरांजन, अक्षता, सुपारी असं तबक घेतलं, आत्यासाठी खण घेतला.

भर दुपारी त्यांच्याकडे सगळे पडदे ओढलेले. मला वाटलं, बाटली असणार. बाटली कसली, केक आणि करड्या वाटाण्यांची उसळ होती. थेट आपले काळे वाटाणे. तिकडे त्यात डुकराचं मांस घालतात, इथे कांद्यावर भागवलेलं. मी दोनदा घेतली. इल्झेची आई वेल्ताबाई चौऱ्याऐंशीच्या, पण ताठ. आत्याचा मात्र पत्ता नाही. तबक धरून हात भरून आला, तेव्हा विचारलं. वेल्ताबाई गोड हसल्या. म्हणाल्या, ती दूध आणायला गेलीय.

इल्झेने मला स्वयंपाकघरात ओढलं. आत्या अशी कधी नव्हतीच. अठरा नोव्हेंबर हा त्यांचा स्वातंत्र्यदिन. पुढे सोव्हिएत रशियाने देश गिळला आणि हा दिवस पाळणं गुन्हा ठरलं. घरात झेंडा सापडला म्हणून वेल्ताबाईंच्या वडिलांना सैबेरियात नेलं, ते परत आलेच नाहीत. तेव्हा त्यांच्या आईने ही आत्या शोधून काढली. शेजाऱ्यांनी चुगली केली तरी केकला कारण तयार. कुणी विचारलंच तर आत्या दूध आणायला गेलीय, हे सहा वर्षांच्या वेल्ताकडून घोटून घेतलेलं. देश सुटून तीस-एक वर्षं झाली, तरी त्यांच्या तोंडून खरं निघत नव्हतं.

"मला एकदाच तिच्या तोंडून ऐकायचंय," इल्झे म्हणाली. "आता तिची किती वर्षं राहिलीत?"

माझा स्वभाव मेला असा, की गप्प बसवत नाही. बाहेर येऊन सरळ म्हटलं, एक्याण्णवला सुटलात, म्हणजे तुमचा देश आमच्या ऋतुजाच्या वयाचा, पोरसवदाच की. ऋतुजाने मला चिमटा काढला. इल्झेने चाचरत ते आईला सांगितलं.

वेल्ताबाईंनी टेबलावर अशी मूठ आपटली की वाटाणे उडाले.

"माणसाला तुरुंगात टाकलं म्हणून त्याचं वय थांबतं का? आज माझ्या देशाचा वाढदिवस आहे. तो एकोणीसशे अठरा सालचा आहे. सगळी वर्षं मोजा."

हे मला सांगता सांगता इल्झे रडायला लागली. आपण काय बोलून गेलो ते वेल्ताबाईंना जरा उशिराच उमगलं. त्यांनी दचकून दाराकडे पाहिलं. कुणी आलं नाही. मग त्यांनी एक रिकामी खुर्ची ओढून माझ्यासमोर ठेवली आणि तबकाकडे बोट केलं. मी खुर्चीला ओवाळलं. एरवी मला हसू फुटलं असतं, पण मी आत्यासाठी आणलेला खणही खुर्चीवर ठेवला.

मिरजेत परत आल्यापासून जो तो विचारतो, दोह्यात काय पाहिलं? टॉवर पाहिले, वाळवंट पाहिलं, उंटावरून पडता पडता वाचले, असं सांगते. पंधरा ऑगस्टला झेंडावंदनाला मी आजवर जिलबीसाठी जात आले, हे मात्र कुणाला सांगत नाही. शंभरी उलटलेल्याला ओवाळायचा मान मला मिळाला, आणि मी त्याच्या वयातली सत्तरहून जास्त वर्षं कापायला निघाले होते. त्याच वर्षांत वेल्ताबाईंचे वडील गेले होते.