मामाजींचा बोनस

विमा कंपनीवर मनापासून प्रेम करणारा माणूस उभ्या विदर्भात एकच झाला, आणि तो माझ्या बायकोचा मामा होता. विम्याच्या कचेरीत मोटारींच्या टेबलावर माझी हयात गेली. लोक तिथं भांडायला येत, रडायला येत, ओळख काढायला येत. पेढे घेऊन येत ते फक्त मामाजी. वर्षभरात तुम्ही भरपाई मागितली नाही, तर पुढच्या हप्त्यात सूट मिळते. तिला नो-क्लेम बोनस म्हणतात आणि ती वर्षागणिक वाढत जाते. बाकीचे लोक या सुटीकडे बाजारात मिळालेल्या वरच्या कोथिंबिरीसारखं बघत. मामाजी पॉलिसीचा नवा कागद उभ्यानंच वाचायचे, बोनसच्या ओळीवर बोट ठेवून क्षणभर थांबायचे, आणि मग सीताबर्डीवरून आणलेला पुडा सोडून साहेबापासून शिपायापर्यंत सगळ्यांच्या हातावर पेढा ठेवायचे. मामी म्हणायच्या, "लोकं पोराच्या निकालाचे पेढे वाटतात, आमच्या घरी गाडी पास होते."

मामाजी बांधकाम खात्यात ओव्हरसीयर होते. ओव्हरसीयर असूनही त्यांना जुनी फियाट निवृत्तीच्या फंडातून घ्यावी लागली, एवढं सांगितलं की जाणकारांना त्यांची योग्यता कळते. पण एवढ्या सरळ माणसालाही चौकशी चुकली नाही. कुठलासा रपटा, म्हणजे नाल्यावरचा ठेंगणा पूल, पहिल्याच पुरात वाहून गेला, कंत्राटदार नामानिराळा राहिला आणि मामाजींवर ठपका आला. पुढं काहीच सिद्ध झालं नाही, फाईल बंद झाली. पण यांचा दोष नव्हता असं कुणी लिहून दिलं नाही. ते त्यांना बोनसमध्ये सापडलं. म्हणायचे, "कंपनी सरकारचीच आहे न? मंग सरकारनंच लिहून देल्लं का या माणसानं काही बिघडवलं नाही." मामाजी, हा पैशांचा हिशेब असतो, चारित्र्याचा दाखला नव्हे, असं मी एकदोनदा समजावून पाहिलं. त्यांनी मला आणखी एक पेढा दिला.

हा दाखला जपण्यासाठी त्यांनी जे काही चालवलं होतं त्याला ड्रायव्हिंग म्हणणं कठीण. बैलगाडीनं मागं टाकलं की त्यांना हायसं वाटे. आणि त्यांचा खरा वैरी म्हणजे गोटा. आमच्याकडे ट्रक बंद पडला की ड्रायव्हर चाकांमागं आणि रस्त्यात मोठाले दगड मांडतो, म्हणजे मागून येणारा सावध होतो. ट्रक दुरुस्त झाला की ड्रायव्हर निघून जातो आणि दगड तिथंच राहतात. कामठीच्या पुढं, कन्हानच्या वाटेवर, अशा रांगा नेहमीच्या. मामाजी गाडी कडेला घेत, मामींना लाल फडकं देऊन रस्त्यात उभं करत, आणि धोतराचा सोगा खोचून एकेक गोटा बाजूला नेत. चांगल्या घाटाचा असला तर डिक्कीत घालून घरी आणत; अंगणातल्या सगळ्या वाफ्यांना त्याच गोट्यांची किनार होती. मामी कुरकुरायच्या, "बाया नवऱ्यासंग सिनेमाले जातात, मी झेंडी दाखवाले जाते."

मी या प्रकाराची नक्कल फार छान करत असे. लग्नाकार्यात लोक आग्रहानं करायला लावत. मामाजीही समोर बसून हसत आणि वर दुरुस्ती सुचवत, "सोगा डाव्या हातानं खोचतो मी, जवाईबापू."

त्या नकलेपाशीच मला यायचं होतं.

मुंबईहून आमचे एक मोठे साहेब आले होते. त्यांना रामटेक दाखवायचं म्हणून मी मामाजींची गाडी मागून घेतली. माझं लायसन संपलं होतं, ते मी सांगितलं नाही. परतताना साहेब कंटाळलेले दिसले, म्हणून त्यांना हसवायला मी चालवता चालवता मामाजींची नक्कल सुरू केली. समोर दगडांची रांग होती. मला ती दिसली. 'मामाजी असते तर इथं उतरले असते' हे वाक्य मला नकलेसाठी हवंच होतं. ते बोलता बोलता मी गाडी रांगेतून तिरपी काढली आणि एक गोटा खाली जोरात लागला. साहेब हसत होते, म्हणून मीही थांबलो नाही. इंजिनखालची तेलाची टाकी फुटून तेल सगळं सांडून गेलं आणि कामठीच्या अलीकडं इंजिन जाम झालं.

मामाजी मला रागावले नाहीत. गाडी उभी राहू द्या, म्हणाले, पण क्लेम नको. दुरुस्ती त्यांच्या पेन्शनीच्या आणि माझ्या पगाराच्या पलीकडची होती. मला मात्र ती अंगणात उभी राहिलेली गाडी नको होती. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला तिनं माझं नाव सांगितलं असतं. मी म्हणालो, दगड रस्त्यावरचा, यात तुमचा दोष नाही, मग बोनस जाईलच कसा? फक्त गाडी तुम्ही चालवत होता असं सांगा, माझं लायसन संपलंय, नोकरीचा प्रश्न आहे. नियम दोष बघत नाही, क्लेम बघतो, हे माझ्याइतकं त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

नुकसान पाहायला कंपनीचा सर्व्हेयर आला. मी शेजारीच बसलो होतो. तो सहज बोलला, "ओव्हरसीयर साहेब, भरदुपारी एवढा गोटा नाही दिसला?"

मामाजींनी एकदा माझ्याकडं पाहिलं. "नाही दिसला," म्हणाले.

क्लेम मंजूर झाला, गाडी दुरुस्त झाली. पॉलिसीच्या नूतनीकरणाच्या दिवशी मामाजी नेहमीसारखा पुडा घेऊन आले. कागद उभ्यानंच वाचला. बोनसच्या जागी काही नव्हतं. बोट तिथंच राहिलं. "गोटा ट्रकवाल्याचा, रस्ता सरकारचा," ते हळूच म्हणाले, "मंग बोनस माझा काहून गेला, जवाईबापू?" मी म्हणालो, नियम आहे. पुडा बांधलेलाच परत गेला.

त्यानंतर मामाजी गोट्यांसाठी थांबेनासे झाले. मामी सांगत, आता गोटा दिसला तरी वळसा घालून निघतात, माझं फडकं पडलं आहे घरात. पुढं त्यांनी गाडी विकली. मला नक्कल करायला कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी जमली नसती.

शेवटच्या आजारात ते धंतोलीच्या एका दवाखान्यात होते. मी उशाशी बसलो होतो, मामी चहा आणायला खाली गेल्या होत्या. डोळे न उघडता त्यांनी विचारलं, "जवाईबापू, गोटा दिसला होता न तुम्हाले?"

सांगून टाकायला याहून बरी वेळ आली नसती. मी म्हणालो, "नाही दिसला."

त्यांनी माझा हात चाचपून धरला. "ऊन लई होतं त्या दिवशी," म्हणाले. "उन्हात नाही दिसत माणसाले."

त्यांना आयुष्यभर जे कुणी लिहून दिलं नाही, ते मला त्यांनी असं दिलं.

आता माझ्याकडं एक स्कूटर आहे. तिचा विमा मी दरवर्षी वेळेवर भरतो. आजवर मी एकही क्लेम केलेला नाही. माझा बोनस शाबूत आहे.