वरच्या आळीचं भाषण

टेम्पोत शेवटचं गाठोडं चढलं तेव्हा गगनबावड्याकडून येणारा पाऊस इतका दाट होता की शाळेमागचा डोंगर दिसत नव्हता. दिसत नव्हता तेच बरं होतं. शाळेच्या वर्गांतून वाडीतली वाचलेली माणसं राहत होती आणि मी, त्यांचा मराठीचा मास्तर, बायकामुलांना घेऊन कोल्हापूरला निघालो होतो. मुलांच्या शिक्षणासाठी, असं सगळ्यांना सांगितलं होतं. व्हरांड्यात सुमन उभी होती. तिच्या वडिलांचं तेरावं नुकतंच झालं होतं.

"सर, पोचलासा की कळवा," ती म्हणाली.

मी कळवलं नाही.

वाडीकरांनो, नव्या वसाहतीत राहणाऱ्यांनो आणि पोटासाठी पुण्याला, इचलकरंजीला गेलेल्यांनो, सुमनबद्दल तुम्ही इतकी वर्षं जे बोलत आलात ते खरं नाही. खरं काय ते तिला माहीत आहे आणि मला. ती बोलली नाही. मीही बोललो नाही, पण दोघांच्या गप्प बसण्यात फार फरक आहे.

वक्तृत्व स्पर्धा आली की भाषण मास्तरांनी लिहायचं आणि पोरांनी पाठ करायचं, ही तेव्हाची रीत तुम्हाला आठवत असेल. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस एका वर्षी स्पर्धा आपल्याच शाळेत होती. विषय 'माझे गाव', आणि अध्यक्ष म्हणून तालुक्याचे मोठे साहेब येणार होते. दहावीतली सुमन म्हणाली, "सर, या टायमाला माझं मी बोलते."

रिकाम्या वर्गात तिनं बोलून दाखवलं. ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. पण मास्तर म्हणून मनात पहिला विचार आला तो हा, की याला बक्षीस मिळणार नाही.

"हे काढून टाक. ही स्पर्धा आहे. पाहुण्यांपुढं रडगाणं गायचं नसतं."

"पण सर, सायब पुन्यांदा कवा येणार हायत? त्यास्नीच सांगायचं हाय. बा म्हणतोय, डोंगराच्या भेगंत काठी घातली की सगळी आत जातीया."

"तुझा बा परीक्षक आहे काय?" मी म्हणालो आणि माझ्याच विनोदावर हसलो.

त्याच संध्याकाळी मी नवं भाषण लिहून दिलं. धुक्याची दुलई, डोंगराची कूस, पाखरांची शाळा. स्पर्धेच्या दिवशी तिनं ते न अडखळता म्हटलं. तिचे वडील मंडपाच्या कडेला टोपी हातात धरून उभे होते. भाषण संपलं, टाळ्या झाल्या, तरी ते मान पुढं काढून तसेच उभे राहिले. अजून काहीतरी यायचं राहिलंय, असा त्यांचा चेहरा होता. साहेबांनी पहिलं बक्षीस दिलं, "गाव असावं तर असं," म्हणाले, चहा घेतला आणि जीपमध्ये बसले. सुमनचं घर होतं त्या वरच्या आळीकडं कुणी मान वर करूनही पाहिलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात डोंगर खाली आला. सुमन त्या सकाळी गिरणीत दळण आणायला गेली होती, म्हणून वाचली.

मग शाळेच्या वर्गात, घोंगड्या वाटताना, तिची चुलती सगळ्यांदेखत म्हणाली, "माईक हातात हुता की पोरीच्या! सायब म्होरं बसलेला. आन् ही फुलं-पाखरं सांगत बसली." बायकांनी माना हलवल्या. सुमननं माझ्याकडं पाहिलं. मी घोंगड्या मोजायला लागलो. तेच वाक्य वाडीत राहिलं. तिला हातकणंगल्याकडं दिली तेव्हाही ते तिच्याबरोबर गेलं.

कोल्हापुरात मी निवृत्तीपर्यंत शिकवलं. इथंही भाषणं लिहून दिली, ढाली आणल्या. शोकेस भरलं. आता तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे, लिफ्ट आहे, खाली वॉचमन आहे. पावसाची झड लागली की मी उठून बेडरूमच्या भिंतीवरून हात फिरवतो. प्लास्टरला केसाएवढी रेघ गेली आहे. सून म्हणते, "बाबा, सगळ्याच बिल्डिंगला असतात हेअरक्रॅक." असतील. मी रोज बोट लावून पाहतो. आई म्हणायची, "येळंला बोलावं. मागनं बोलणं म्हंजे मढ्याला पाणी पाजणं." माझं हे तसंच आहे, तरी पाजतोय.

वाडी होती तिथं आता गवत आहे म्हणे. तिथं परत जायची माझी छाती नाही. माझं गाव उरलंय ते सुमननं रिकाम्या वर्गात सांगितलं तेवढंच. मला ते पाठ आहे. वसाहतीतल्या देवळासमोर कुणीतरी मोठ्यानं वाचा, चुलतीलाही ऐकू द्या:

"सायब, माझं गाव वरच्या आळीत हाय. आमच्या मागं डोंगराला भेग पडलीया. झऱ्याचं पाणी लाल येतंय. फणसाचं झाड गोठ्यावर वाकलंय, म्हशी आत जाईनात. बा रातीला झोपत न्हाय. आमास्नी दुसरं काय नको. येवढ्या लांब आलाय तर एकदा वर येऊन बघून जावा. च्या आमच्यातच घ्या."