खिडकीपाशी वाकलेला माणूस

वहिनी दातांच्या एका लॅबमध्ये कवळ्या बनवायची. बावीस वर्षं. दवाखान्यांतून जबड्यांची मापं येत, ती त्यांत प्लास्टर ओते, मेणाच्या पट्टीवर एकेक दात बसवी आणि चौथ्या दिवशी कवळी डबीत घालून परत पाठवी. ती घालून कोण हसलं, कोणाला टोचली, हे तिला कधी कळत नसे. रस्त्यात कुणी तोंडभर हसलं, की ती आधी त्याची डावी दाढ बघे.

"दात कोरून पोट भरत नाही म्हणतात," तिचा नवरा पाहुण्यांना सांगे, "आमचं मात्र भरतं हं!"

पाहुणे हसत. वहिनीही हसे, दर वेळी तेवढंच.

कागदाच्या लगद्याच्या मूर्ती शिकवणारा ऑनलाइन क्लास तिने लावला, तो आपल्या हातची एक तरी वस्तू घरातल्या कपाटावर राहावी म्हणून. कुणाच्या तोंडात जाऊ नये म्हणून. आठ रविवार, सकाळी दहा ते बारा. फोन बरणीला टेकवून ठेवायचा आणि शिकवणाऱ्या मॅडम सांगतील तसं करायचं. टॉयलेट पेपर भिजवून पिळायचा, त्यात गोंद आणि खडूची भुकटी घालून कणकेसारखा मळायचा, तारेच्या सांगाड्यावर थापायचा. फोनवर एकोणीस चौकोन, त्यांत एकोणीस टेबलं. वहिनीचं टेबल सगळ्यांत स्वच्छ.

तिचं पहिलं डोकं तयार झालं तेव्हा मॅडम म्हणाल्या, "खूप नीट आलंय, ताई." दुसऱ्याला म्हणाल्या, "हेही नीट." तिसऱ्याच्या वेळी म्हणाल्या, "ताई, ह्याचं तोंड जरा मिटू या का? दातच दिसतायत." सगळे चौकोन हसले. वहिनीने बत्तीसच्या बत्तीस दात बसवले होते.

ह्याच सुमारास वन्सं राहायला आल्या. वन्सं म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. एकट्या राहत, न्हाणीघरात घसरून घोटा मोडला, पायाला प्लास्टर बसलं आणि भाऊ त्यांना घेऊन आला. तीस वर्षं बसस्थानकावर तिकिटाच्या खिडकीत बसून निवृत्त झालेल्या. हातात कधी विणकामाची सुईही धरली नव्हती. रविवारी त्या स्टुलावर पाय ठेवून वहिनीच्या समोर, फोनच्या मागे बसत आणि फुकटात क्लास बघत.

पाचव्या रविवारी त्या म्हणाल्या, "वहिनी, तो उरलेला गोळा टाकणार आहेस?"

"घ्या की. तेवढाच वेळ जाईल तुमचा," वहिनी म्हणाली. लहान मुलाच्या हातात गोळा द्यावा तसा दिला.

चार दिवसांनी कपाटावर वीतभर उंचीचा एक माणूस होता. नुसता खांद्यापर्यंत. मान पुढे काढलेली, थोडी कलती. एक कान पुढे, तोंड अर्धवट उघडं, नाक एका बाजूला वाकलेलं. अंगभर बोटांचे ठसे तसेच. वहिनी कामावरून आली, पर्स खांद्याला तशीच ठेवून उभी राहिली. हा माणूस काहीतरी विचारतो आहे आणि उत्तर काय येईल ह्याची त्याला धास्ती आहे, हे तिला दारातूनच दिसलं.

"कोण हा?"

"कुणी नाही गं. आमची खिडकी बुटकी होती. सगळे असेच वाकायचे, शेवटची गाडी गेली का विचारायला."

"छान आहे," वहिनी म्हणाली आणि भांडी घासायला गेली. भांडी आधीच घासलेली होती.

त्या दिवसापासून तिचं वन्संच्या प्रत्येक गोष्टीवरून बिनसायला लागलं. त्यांची काठी आडवी यायची. त्यांचं औषध संपायचं. कानामागून आली आणि तिखट झाली ही म्हण तिला दिवसातून चार वेळा आठवे.

सातव्या रविवारी मॅडम मध्येच थांबल्या. "ताई, मागे कपाटावर काय ठेवलंय? जरा जवळ आणता?"

वहिनीने तो माणूस फोनपुढे धरला. मॅडम स्क्रीनच्या अगदी जवळ आल्या. मग म्हणाल्या, "सात आठवड्यांत कुठल्या कुठे गेलात तुम्ही! तुम्हीच केलंत ना?"

वन्सं समोरच मटार सोलत होत्या.

"हो," वहिनी म्हणाली.

शेंगा सोलण्याचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

"पुढच्या रविवारी शेवटचा क्लास. पहिला अर्धा तास तुमचा. ही मान कशी वळवलीत ते सगळ्यांना करून दाखवा."

फोन बंद झाल्यावर वन्सं एवढंच म्हणाल्या, "मटार फ्रिजमध्ये ठेवू?" टोमणा मारला असता तर वहिनीकडे तीन उत्तरं तयार होती.

सोमवार, मंगळवार, बुधवार, रोज संध्याकाळी दार लोटून ती माना करत राहिली. नवऱ्याने डोकावून पाहिलं. "ह्याची मान आखडलीय. शेकायला हवी," तो म्हणाला आणि तिच्या नजरेसरशी गेला.

गुरुवारी तिने वन्संचा माणूस फडक्यात गुंडाळून डब्याच्या पिशवीतून लॅबमध्ये नेला. तिच्या हातांना जे येत होतं तेच त्यांनी केलं: त्याचं माप घेतलं. तोंडाच्या मापाचा गुलाबी मसाला पाण्यात कालवला, प्लास्टिकच्या डब्यात ओतला, माणूस त्यात बुडवला. मसाला रबरासारखा घट्ट झाल्यावर चिरून काढला, तेव्हा माणूस बाहेर आला आणि नाक आतच राहिलं. प्लास्टर ओल्या मसाल्याला दाद देत नाही, कागद मात्र भिजून मऊ पडतो. बावीस वर्षं प्लास्टर हाताळलेल्या बाईच्या हे ध्यानातच आलं नाही.

साच्यात तिने आपला लगदा भरला. आणि मूळ माणसाला नवं नाक लावलं. दोन्ही नाकपुड्या सारख्या, मधली रेघ ताठ.

शनिवारपर्यंत नक्कल वाळली आणि वाळता वाळता आक्रसली. मुळाहून बोटभर बुटकी. तोच कान, तीच मान, पण हा काही विचारत नव्हता. खाटेखाली गेलेली चप्पल शोधत असावा तसा वाकला होता.

संध्याकाळी वन्सं काठी टेकत कपाटापाशी गेल्या.

"वहिनी, ह्याचं नाक कुणी सरळ केलं?"

"पडला होता."

"पडून नाक सरळ होतं?"

वहिनीला राहवलं नाही. "तुम्हाला न शिकता येतं, वन्सं. मी सात रविवार घासतेय."

"न शिकता? तीस वर्षं बसले त्या खिडकीत."

"मीही बावीस वर्षं बसलेच आहे की!"

"मग माणसं पाहायची होतीस."

"माझ्याकडे माणूस येतच नाही," वहिनी म्हणाली. "नुसता जबडा येतो."

वन्संनी काठी भिंतीला टेकवली आणि हळूच खुर्चीवर बसल्या. "उद्या काय करणारेस?"

"डोकं दुखतंय म्हणून सांगेन."

"सांग. पण मग सगळ्यांच्या लेखी तो तुझाच राहील." त्यांनी माणसाला मांडीवर घेतलं, अंगठ्याने नाक चाचपलं. "आणि मला तो तुला द्यायचा नाहीये. बाकी काय हवं ते घे."

रविवारी दहा वाजता एकोणीस चौकोन उघडले. वहिनीने घसा खाकरला. "ही मान माझी नाही. माझ्या नणंदेची आहे. मी खोटं बोलले होते." तिने समोर बोट दाखवलं. "त्या इथेच आहेत. त्या दाखवतील."

मॅडम म्हणाल्या, "येऊ द्या त्यांना."

वन्सं पदर खोचून बसल्या. वहिनीने बरणीजवळचा फोन उचलून त्यांच्या हातांवर धरला. वन्सं लगदा थापत खिडकीच्या गोष्टी सांगू लागल्या: कोण खिडकीतून डोकंच आत घालायचा, कोण बायकोला बोलायला पुढे करून स्वतः मागे उभा राहायचा. चौकोन हसत होते. मॅडम म्हणाल्या, "वा, काय हात आहे!" तो शब्द वहिनीला कधी मिळाला नव्हता. फोन जरा वर झाला असता तर सगळ्यांना फक्त पंखा दिसला असता. तिचं मनगट तसं वळलंही, अर्धं.

तेवढ्यात वन्संचा अंगठा मानेमागे गेला, बोट हनुवटीखाली आलं आणि त्या पांढऱ्या गोळ्याने एकदम मान पुढे काढली.

"थांबा," वहिनी म्हणाली. "ते परत करा."

"का, कुणाला दिसलं नाही?"

"मला."